लिनक्स कोणतं घेऊ? आधी अपडेट कोण देणार ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप जुना, सातव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज 10. त्या विंडोजचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि विंडोज 11 हा प्रोसेसर स्वीकारत नाही. काम म्हणजे मराठी-इंग्रजी मजकूर, ब्राउझर, फोटोंवर थोडी डागडुजी आणि शिकण्यापुरतं पायथन. दहा जणांना विचारलं तर दहा नावं मिळाली. आता लिनक्स कोणतं घ्यायचं?

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन डेस्कटॉपवालं (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरचा मेन्यू, पट्टी आणि खिडक्या). त्याच्याही आधी लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण ते दहाही जण खोटं बोलत नव्हते बरं का. ज्याने त्याने आपापल्या टेबलावरचं सांगितलं. तुमच्या टेबलावर काय टिकेल हे ठरवायचं तर नाव बाजूला ठेवून दुसरंच काही बघावं लागतं.

लिनक्सचे मिंट, उबुंटू असे जे तयार संच मिळतात त्यांना डिस्ट्रो म्हणतात. लिनस टोरव्हाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेला कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा गाभा, सगळ्या डिस्ट्रोंमध्ये तोच असतो. त्यावरची रोजची कितीतरी अवजारं रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातली, तीही तीच. फायरफॉक्स तोच, लिब्रेऑफिस तेच. मेन्यू आणि रंगरूप वेगळं दिसतं, पण ते तासाभरात हवं तसं करून घेता येतं. या हजारो तुकड्यांच्या कोणत्या आवृत्त्या एकत्र बांधायच्या, त्यांत सुरक्षेची भोकं सापडली की ठिगळं कोण लावणार आणि ती किती वर्षं लावत राहणार, हे मात्र तुमच्या हातात नसतं. डिस्ट्रो निवडताना तुम्ही खरं तर ही माणसं निवडत असता.

या नजरेने बघितलं की दहा नावांची चार-पाच घरं होतात. डेबियन 1993 पासून स्वयंसेवक चालवतात. साधारण दर दोन वर्षांनी त्यांची स्थिर आवृत्ती येते, तिला तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं मर्यादित आधार मिळतो. उबुंटू 2004 मध्ये डेबियनच्याच पायावर उभं राहिलं, त्यामागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या त्यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट या दीर्घ मुदतीच्या उबुंटूवर बांधलेलं असतं, म्हणून त्याची मुदतही तीच. सध्याची 22 मालिका उबुंटू 24.04 वर आहे, तिला 2029 पर्यंत चिंता नाही. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवीन येतो आणि प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने जगते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी उडी मारावीच लागते. आर्चमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही, जे नवीन तयार झालं ते येत राहतं. रेड हॅट एंटरप्राइझ आणि तिच्या वळणावर बांधलेली अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स ही मंडळी दहा वर्षांचा वायदा करतात, पण ती सर्व्हरवाल्यांची दुनिया. घरच्या लॅपटॉपवर त्यांचा उपयोग कमी आणि अडचण जास्त.

हा वायदा कोण करतंय याला किती महत्त्व आहे, ते सेंटओएस या रेड हॅटच्याच वळणावर बांधलेल्या फुकट डिस्ट्रोवरून कळतं. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत अपडेट मिळतील या हिशोबाने जगभरच्या लोकांनी आपले सर्व्हर त्यावर नेले. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं की ते 31 डिसेंबर 2021 लाच बंद होणार. आठ वर्षांचं गणित एका घोषणेत संपलं, आणि अल्मा व रॉकी जन्माला आल्या त्या या घोषणेनंतरच. छोट्या डिस्ट्रोंचं तर विचारूच नका. अँटेरगॉस 2019 मध्ये बंद झालं, कारण चालवणाऱ्यांना वेळ उरला नव्हता. आणि मोठं नाव मागे असलं म्हणजे भागलं असंही नाही. इंटेलने आपलं क्लिअर लिनक्स जुलै 2025 मध्ये थांबवलं, तेही जवळजवळ एका रात्रीत. म्हणून सुंदर स्क्रीनशॉट दाखवणारी, दोन-तीन जणांनी चालवलेली एखादी डिस्ट्रो कोणी सुचवली, तर मी आधी तिचं वय विचारते आणि मागच्या वर्षभरात सुरक्षा अपडेट किती वेळेवर आले ते बघते.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे मिंट-डेबियनमध्ये सगळं 'जुनं' असतं. इथे 'स्थिर' या शब्दाने घोटाळा होतो. स्थिर म्हणजे कधीच न कोसळणारं असा अर्थ नाही. पाच वर्षांत आवृत्त्या फारशा हलणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सुरक्षेची दुरुस्ती नव्या आवृत्तीतून काढून जुन्या आवृत्तीत बसवून दिली जाते. त्यामुळे आवृत्तीचा आकडा जुनाट दिसतो, पण आतलं भोक बुजलेलं असतं. नुसता आकडा बघून घाबरणारे लोक मी दर महिन्याला बघते.

ताज्या मालाची दुसरी बाजू मार्च 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिली. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर डेबियनच्या अस्थिर, म्हणजे नवं सगळ्यात आधी येतं त्या, शाखेवर काहीतरी मोजत बसला होता. एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय, हे त्याच्या लक्षात आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. तो खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फायली आकुंचित करणाऱ्या साध्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. पेरणाऱ्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. 29 मार्चला ही गोष्ट उघड झाली, तेव्हा 5.6.0 आणि 5.6.1 या दूषित आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोराच्या पुढच्या आवृत्तीच्या तयारीत आणि ओपनसुसे टम्बलवीड या सतत बदलणाऱ्या डिस्ट्रोत पोचल्या होत्या. डेबियन 12, उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या आणि मिंट वापरणारे शांत झोपले, कारण त्यांच्याकडे 'जुनं' एक्सझेड होतं.

यावरून सतत बदलणाऱ्या डिस्ट्रो वाईट असा निष्कर्ष काढू नका. अगदी नवा लॅपटॉप घेतला असेल, नवं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याला ओळखणारा कर्नल ताज्या डिस्ट्रोतच मिळतो आणि तिथे मी स्वतः फेडोरा सुचवते. तुमच्या सातव्या पिढीच्या इंटेलला मात्र कर्नल कित्येक वर्षं ओळखतो. तुम्हाला ताजेपणाचा फायदा काही नाही, खटपट तेवढी पदरात पडेल.

आता हार्डवेअर. नाव ठरलं तरी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघितल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. आयएसओ, म्हणजे डिस्ट्रोची इन्स्टॉल करायची फाइल, डाउनलोड केली की तिचा शा-256 आकडा (फाइलवरून काढलेला ठसा) डिस्ट्रोने दिलेल्याशी जुळवून बघा, आणि जमल्यास त्यावरची सही तपासा. हा आगाऊपणा नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये खुद्द मिंटची वेबसाइट फोडून चोरदरवाजावाली आयएसओ तिथे टांगली गेली होती. पेनड्राइव्ह तयार करायला विंडोजमध्ये रूफस पुरतं. चार-पाच डिस्ट्रो चाखून बघायच्या असतील तर व्हेंटॉय घ्या, त्यात आयएसओ नुसत्या कॉपी केल्या की भागतं.

लाइव्ह चालू झालं की लोक वॉलपेपर बघतात आणि 'छान आहे' म्हणून इन्स्टॉल दाबतात. तसं करू नका. अर्धा तास काढा. वायफाय जोडा आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. आवाज ऐका, हेडफोन लावून काढून बघा. कॅमेरा उघडा. प्रिंटर असेल तर एक पान छापा. आणि लॅपटॉप झाकून, पाच मिनिटांनी उघडून, तो जागा होतो का ते बघा. शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात आणि मग महिनाभर रडतात.

वायफाय दिसलंच नाही तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून 'एलएसपीसीआय' ही कमांड 'के' हा पर्याय जोडून चालवा. प्रत्येक उपकरणाच्या नावाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते लिहून येतं. नेटवर्क कार्डाखाली ती ओळच नसेल, तर कार्ड दिसतंय पण त्याला कोणी बोलतं करत नाहीये, असं समजायचं. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांबाबत हे फार होतं. मग गंमत अशी की ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला ड्रायव्हर लागतो. माझ्या पहिल्या लॅपटॉपवर मी या चक्रात एक अख्खा रविवार घालवला. उपाय किती सोपा, तर फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि त्याचं टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून हवं ते घ्या. डेबियनने तर आवृत्ती 12 पासून, म्हणजे 2023 पासून, असं बंदिस्त फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच घालायला सुरुवात केली. त्याआधी ते वेगळं शोधावं लागायचं.

लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आणि बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल, तर एक निळा पडदा ध्यानात ठेवा. ड्रायव्हर बसवताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर 'एमओके मॅनेजमेंट' असं लिहिलेला निळा पडदा काही सेकंदच थांबतो. पहिला पर्याय असतो 'बूट चालू ठेवा', आणि माणूस गडबडीत एंटर दाबून मोकळा होतो. तसं केलं की ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवलीच जात नाही, कर्नल तो ड्रायव्हर नाकारतो, आणि आपण लिनक्सला शिव्या घालतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बस्स. कार्ड नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

डेस्कटॉपबद्दल लोक तावातावाने भांडतात, मला त्यात फार दम वाटत नाही. सिनॅमन विंडोजसारखं आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. केडीई प्लाझ्मा हवं तसं वाकवता येतं. ग्नोमची चाल निराळी आहे, काहींना ती पहिल्या दिवशीच आवडते, काहींना कधीच नाही. एक्सएफसीई हलकं आहे, 4 जीबी रॅम असती तर मी तेच सांगितलं असतं. पण 'हलका डेस्कटॉप' घेऊन जादू होईल ही आशा सोडा. सिनॅमन आणि एक्सएफसीईमध्ये फरक काहीशे एमबीचा, आणि ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले की तो फरक कुठल्या कुठे वाहून जातो. तुमचा लॅपटॉप मंद आहे तो फिरत्या डिस्कमुळे. एसएसडी टाकली की तोच लॅपटॉप ओळखू येणार नाही.

आता मी ज्याला खरं महत्त्व देते ते. डिस्ट्रो बदलायच्या आधी अवजारं बदला, आणि ती विंडोजवर असतानाच बदला. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, व्हीएलसी, कीपासएक्ससी, फायरफॉक्स, थंडरबर्ड, ही सगळी विंडोजवर चालतात. महिनाभर फक्त हीच वापरा. जे अडेल ते तिथेच अडेल, आणि तेव्हा पळवाट हाताशी असेल. नाहीतर काय होतं, एकाच शनिवारी माणूस सिस्टिमही बदलतो, ऑफिसही बदलतो, मेलही बदलतो, आणि सोमवारी कुठे काय बिघडलं तेच कळत नाही. लिनक्स सोडून परत गेलेल्या ज्या लोकांशी मी बोलले, त्यातल्या बहुतेकांचं लिनक्सशी भांडण नव्हतंच. एखाद्या एक्सेल फायलीतल्या मॅक्रोने त्यांना परत नेलं होतं.

लिब्रेऑफिस हे 2010 मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळते. त्याची सगळ्यात मोठी तक्रार अशी की वर्डची फाइल उघडली की पानं सरकतात. दहापैकी सात वेळा त्यात लिब्रेऑफिसचा दोष नसतो, फाँटचा असतो. फाइल कॅलिब्रीत लिहिलेली, लिनक्सवर कॅलिब्री नाही, त्याऐवजी भलताच रुंद फाँट लागला, ओळी वाढल्या, तक्ता पुढच्या पानावर गेला. यासाठी कार्लिटो नावाचा मुक्त फाँट आहे. त्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहे. कँब्रियासाठी तसाच कॅलाडिया. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्या जागी लिबरेशन कुटुंबातले तीन. हे पाच फाँट आहेत का एवढं आधी बघा, नसतील तर पॅकेज मॅनेजरमधून घ्या, आणि तीच फाइल परत उघडा. नव्वद टक्के सरळ झालेली दिसेल. मॅक्रो आणि गुंतागुंतीचे पिव्होट तक्ते मात्र खरोखर अडतात, तिथे खोटा दिलासा देणार नाही.

मराठी लिहिण्याबाबत: इन्स्क्रिप्टची सवय असेल तर काहीच बसवायला नको, कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी असते. रोमन अक्षरांतून टाइप करत असाल तर आयबस ही टाइपिंगची सोय आणि त्यासोबतचं एम17एन पॅकेज घ्या. त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन अशा पद्धती मिळतात. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर 'चालतच नाही' म्हणत बसाल. आणि लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, हिंदी नको. फाँटमध्ये सोय केलेली असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, आणि शुद्धलेखन तपासनीस हिंदीच्या नियमांनी लाल रेघा मारत सुटत नाही.

फोटोंसाठी गिंप पुरेसं आहे, आणि त्यावरून एक उपयोगी गोष्ट सांगता येते. गिंप 3.0 मार्च 2025 मध्ये आलं, त्यात मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावता येतात. मिंट 22 च्या भांडारात, म्हणजे डिस्ट्रोने स्वतः पुरवलेल्या प्रोग्रामांच्या साठ्यात, मात्र अजून 2.10 आहे, कारण पाया 2024 चा. मग नव्यासाठी डिस्ट्रो बदलायची? नाही. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे लागणारं सगळं सोबत घेऊन येणाऱ्या वेगळ्या पॅकेजमधून, फक्त तेवढं एक गिंप नवं घ्यायचं, बाकी सिस्टिम जागची हलत नाही. पाया जुना आणि पक्का, वरची दोन-तीन अवजारं ताजी, हा मेळ मी कित्येक वर्षं चालवतेय. फ्लॅटपॅक जागा जास्त खातात, हे खरं. आणि मिंट 22 मूळ निर्मात्याने पडताळणी न केलेले फ्लॅटपॅक आधीपासून लपवून ठेवतं, ते बटण उगाच चालू करू नका.

बाहेरून काही आणायचंच असेल तर क्रम असा ठेवा: आधी डिस्ट्रोचं भांडार, मग फ्लॅटपॅक, मग निर्मात्याच्या साइटवरची डेब फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज) किंवा ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल). पीपीए, म्हणजे कोणा त्रयस्थाचं खासगी भांडार, सगळ्यात शेवटी. पीपीए जोडला की त्या माणसाला तुमच्या सिस्टिममधलं कोणतंही पॅकेज बदलायची मुभा मिळते. दोन वर्षांनी मोठा अपग्रेड अडकतो तो बहुधा अशाच विसरलेल्या पीपीएपाशी. आणि इंटरनेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवणारी एकोळी कमांड दिसली की आधी ती फाइल उतरवून वाचा. वाचून कळली नाही तर चालवू नका.

पायथनचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पहिल्याच आठवड्यात ठेच लागेल. पायथनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे तुकडे, आणणारं 'पिप इन्स्टॉल' चालवलंत की मिंट नकार देईल आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असं काहीतरी म्हणेल. तो बिघाड नाही, पहारेकरी आहे. सिस्टिमची स्वतःची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर चालतात. हा पहारा नव्हता त्या काळात मी सुडो लावून पिपने एक लायब्ररी सिस्टिममध्येच नवी केली होती. माझा प्रोग्राम झकास चालला. अपडेट मॅनेजर मात्र उघडेना, कारण त्याला त्याच लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी होती. म्हणजे दुरुस्त करायचं अवजारच मी मोडून ठेवलं होतं. आता 'पायथन3-व्हेन्व्ह' हे पॅकेज बसवा, प्रत्येक प्रयोगाच्या फोल्डरात एक वेगळं आभासी वातावरण तयार करा, आणि पिपला तिथे हवा तो धुमाकूळ घालू द्या. बिघडलं तर तो फोल्डर पुसायचा. नकाराच्या संदेशातच पहारा मोडायचा पर्यायही लिहिलेला असतो. त्याच्या नावातच 'सिस्टिमची पॅकेजं मोडा' असं आहे, यावरून काय ते समजा.

एक दिवस अपडेटनंतर लॅपटॉप नीट चालू होणार नाही, हे धरून चाला. मिंट जुना कर्नल लगेच पुसत नाही. चालू करताना एस्केप, किंवा जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट, दाबून ठेवलं की ग्रबचा, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचा कर्नल असतो. तो निवडून काम चालू ठेवा, दुरुस्ती सावकाश करा. दुसरा आधार टाइमशिफ्टचा, जो मिंटसोबतच येतो. ठरवून दिलेल्या वेळी, किंवा अपडेटच्या आधी तुम्ही सांगितलंत की, तो सिस्टिमचं छायाचित्र, म्हणजे त्या क्षणीच्या सिस्टिम फायलींची प्रत, काढून ठेवतो आणि बिघाड झाला की तिथून मागे जाता येतं. पण नीट ऐका, टाइमशिफ्ट तुमच्या फोटोंचा आणि फायलींचा बॅकअप घेत नाही. होम फोल्डर तो मुद्दाम वगळतो. या गैरसमजात लोकांनी सगळं गमावलेलं मी पाहिलंय.

टाइमशिफ्टनेच मला एकदा फसवलं, म्हणजे चूक माझीच. पासवर्ड बरोबर टाकायचा, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत पासवर्ड विचारायचा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून साध्या अक्षरांच्या पडद्यावर गेले, तिथे लॉगिन झालं. 'डीएफ' कमांड 'एच' पर्यायासह चालवली, तर मूळ पार्टिशनसमोर, म्हणजे डिस्कच्या सिस्टिम असलेल्या भागासमोर, 100 टक्के, म्हणजे जागा संपलेली. टाइमशिफ्टची रोजची छायाचित्रं मी त्याच छोट्या पार्टिशनवर साठवत होते आणि ती कधी पुसली जातील हे ठरवलंच नव्हतं. डेस्कटॉपला सुरू होताना चार फायली लिहायला जागा लागते, ती नव्हती. तीन जुनी छायाचित्रं पुसली आणि दोन मिनिटांत आत आले. लॉगिन गोल गोल फिरायला लागलं की आधी डिस्क बघा, पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका.

काय चालणार नाही तेही सांगून ठेवते. ॲडोबीचे प्रोग्राम नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस फक्त ब्राउझरमधलं. खेळांची स्थिती व्हॉल्वने 2018 मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून खूप सुधारली, पण फसवणूक रोखणारी कर्नलमधली यंत्रणा लावणारे काही ऑनलाइन खेळ अजून लिनक्सला दार उघडत नाहीत. एखादा प्रोग्राम पोटापाण्याचा असेल आणि तो विंडोजशिवाय चालतच नसेल, तर हट्ट करू नका, त्याच्यासाठी विंडोज ठेवा.

ते ठेवायचं कसं, यावर बहुतेक जण एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम बसवायचा सल्ला देतील. जमतं, पण त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, पार्टिशन लहान करा, घड्याळ दर वेळी काही तास सरकतं ते दुरुस्त करा, अशी शेपटं लागतात. एसएसडी घेणारच आहात, तर सरळ मार्ग आहे. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, एसएसडीवर फक्त मिंट बसवा. इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन पुसलं जायची भीती उरत नाही, कारण पुसण्यासारखं काही आत नसतंच. इन्स्टॉलरला एसएसडी दिसली नाही तर बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत इंटेल आरएसटीवरून एएचसीआयवर आणा, पण तसं केल्यावर जुनं विंडोज परत बसवायची वेळ आली तर ती पद्धत पुन्हा पालटायला विसरू नका. डिस्क काढायच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती असली की लिनक्समधूनही ती डिस्क उघडता येते.

जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घाला. पहिला महिनाभर तिच्यातून राहिलेल्या फायली एकेक करून आणा. महिन्यानंतर आठवड्याभरात तिच्याकडे एकदाही वळावं लागलं नसेल आणि विंडोजचीही गरज उरली नसेल, तर तिला एक्सटी4 या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा, आणि देजा-डूप या बॅकअपच्या प्रोग्रामला होम फोल्डरचा बॅकअप आठवड्यातून एकदा तिच्यावर घ्यायला लावा.